कुस्तीच्या मैदानाचा धनी

नागपूरच्या महाल भागांत चिटणीस पार्क या नांवाचें एक मैदान आहे. भोसल्यांच्या जुन्या राजधानीचा गाभा तो हाच. जानेवारी २०१६ मध्यें येथें ‘महाराष्ट्र केसरी’ किताबाच्या कुस्त्या झाल्या आणि खानदेशांतील चाळीसगांव तालुक्याचे मल्ल विजय चौधरी यांनीं सलग दुसऱ्या खेपेस तो किताब जिंकला. कुस्तीची पेठ म्हणून ज्या सातारा-सांगली-कोल्हापूर पट्ट्याचें नांव घेतलें जातें, त्याच्या अगदीं दुसऱ्या टोकास नागपूर. तरीही मैदान भरलें, आणि तें कोणा राजाच्या हुकुमानें भरलें नव्हतें. जो खेळ एके काळीं राजवाड्याच्या अंगणांत रमत असे, तो असा गांवोगांव हिंडणारा कसा झाला, याचा वृत्तांत मोठा मनोरंजक आहे.

हा वृत्तांत सांगतांना दोन प्रश्न सारखे समोर ठेवावे लागतात. मल्लाच्या खुराकाचा खर्च सोसावयाचा कोणीं, हा पहिला. आणि जिंकला कोण हें ठरवावयाचें कोणीं, हा दुसरा. डावपेंचांच्या कथा पुष्कळांनीं सांगितल्या आहेत. परंतु ज्याच्या हातीं या दोन प्रश्नांचीं उत्तरें, तोच मैदानाचा खरा धनी होय, आणि हा धनी महाराष्ट्रांत किमान तीनदां बदलला आहे.

कल्याणीच्या चालुक्य घराण्यांतील राजा तिसरा सोमेश्वर याच्या नांवावर असलेला ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ इसवी सन ११३० च्या सुमाराचा. राजानें आपलें मन कोणकोणत्या रीतींनीं रमवावें हें त्यांत विस्तारानें सांगितलें असून मल्लांच्या झुंजी पाहणें हा त्यांतील एक विनोद आहे. मल्लांच्या वयावरून आणि बळावरून त्यांच्या प्रती लावाव्या, त्यांस काय खावयास घालावें, त्यांच्याकडून व्यायाम कसा करवून घ्यावा, झुंजीची जागा कशी सिद्ध करावी, या साऱ्याची व्यवस्था तेथें लावून दिलेली आहे. नऊशें वर्षांपूर्वींच्या त्या पानांवर आजच्या वजनगटांचीं आणि खुराकाच्या तक्त्यांचीं मुळें स्पष्ट दिसतात. मात्र ही सारी व्यवस्था एका माणसाच्या करमणुकीसाठीं होती. खुराक राजाचा, मैदान राजाचें आणि निकालही राजाच्या नजरेचा.

या पद्धतीचें उग्र रूप बडोद्यास पाहावयास मिळे. खंडेराव गायकवाडांनीं १८५६ पासून १८७० पर्यंत राज्य केलें. त्यांच्या पदरीं मल्लांचा मोठा परिवार होता, आणि महाराजांना साध्या कुस्तीइतकीच वज्रमुष्टीची आवड होती. वज्रमुष्टि म्हणजे मुठीवर शिंगाचें नखाळें बांधून झुंजणें. यांत पकडही चाले आणि प्रहारही चाले. लुई रुसले या नांवाचा एक फ्रेंच प्रवासी त्या काळीं बडोद्याच्या दरबारांत राहून गेला, आणि त्यानें आपल्या प्रवासग्रंथांत या झुंजींचें जें वर्णन केलें आहे तें वाचतांना अंगावर कांटा उभा राहतो. रक्ताच्या धारा लागल्या तरी झुंज थांबत नसे, आणि पाहणाऱ्या धन्याचें समाधान हाच तिचा शेवट असे.

अलीकडे ‘मिश्र युद्धकला’ या नांवाखालीं ठोसा, लाथ आणि पकड या तिन्हींस मोकळीक देणारे सामने जगभर भरतात. अमेरिकेंत डेन्व्हर शहरीं १९९३ सालीं त्यांतला पहिला गाजलेला सामना झाला, आणि मुंबईंत २०१२ सालीं ‘सुपर फाइट लीग’ या नांवानें तोच प्रकार आला. ही कांहीं अगदीं नवी वस्तु आहे असें समजण्याचें कारण नाहीं. वज्रमुष्टि तिची वडील बहीणच होती. परंतु लोकांनीं वज्रमुष्टि उचलली नाहीं, कुस्ती उचलली, हें ध्यानांत घेण्याजोगें आहे. राजाश्रय सुटतांच पहिली विरत गेली आणि दुसरी खेड्यापाड्यांत वाढली. कारण उघड आहे. कुस्तींत हरलेला गडी अंगावरची माती झटकून उठतो आणि पुढच्या जत्रेस पुन्हां उतरूं शकतो. शेतकऱ्याच्या घरच्या मुलाला हात-पाय शाबूत ठेवून खेळतां येईल असाच खेळ गांवाला परवडतो.

कोल्हापूरचे शाहू छत्रपति १८९४ सालीं राज्यकारभार पाहूं लागले. त्यांचा स्वतःचा पिंड पहिलवानी, आणि मल्लांविषयींचा त्यांचा जिव्हाळा प्रसिद्धच आहे. उत्तरेकडील नामांकित पहिलवान त्यांनीं करवीरांत आणविले, तालमींना आश्रय दिला, आणि पेठेपेठेंतील पोरें लंगोट कसून जोर-बैठका काढूं लागलीं. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी, मठ तालीम हीं नांवें आजही पहिलवानांच्या तोंडीं आदरानें येतात. तथापि महाराजांची सर्वांत मोठी करणी कोणती असें विचारल्यास खासबागेचें मैदान हेंच उत्तर द्यावें लागेल. १९०२ सालीं सातव्या एडवर्ड बादशहाच्या राज्यारोहणानिमित्त ते विलायतेस गेले असतां रोम येथील प्राचीन प्रेक्षागार त्यांनीं पाहिलें, आणि आपल्या राजधानींत कुस्तीसाठीं तसेंच कांहीं उभारावें असें त्यांच्या मनानें घेतलें. १९०७ सालीं काम सुरू झालें आणि १९१२ सालीं मैदान सिद्ध झालें.

खासबागेची रचना ज्यानें पाहिली नसेल त्यानें एक भली मोठी बशी डोळ्यांपुढें आणावी. मध्यें तांबड्या मातीचा हौदा, आणि सभोंवार चढत गेलेला गोल उतार. त्या उतारावर बसलेले हजारों लोक, आणि त्यांतील एकाच्याही दृष्टीआड हौदा जात नाहीं. हौद्यांतील माती तरी साधी कोठली? चाळून घेतलेल्या मातींत ताक, तेल, हळद, लिंबू यांचा शिडकावा होतो, म्हणजे ती मऊ राहते, अंगाला चिकटत नाहीं आणि खरचटलेलें चिघळत नाहीं.

या बशीसारख्या उतारामुळें एक मोठी गोष्ट घडून आली. राजवाड्याच्या अंगणांतील झुंज धनी आणि त्याच्या भोंवतालचे मानकरी एवढेच पाहूं शकत. खासबागेंत छत्रपतींना जें दिसे तेंच शेवटच्या रांगेंतील कुणब्यालाही दिसे. पाठ मातीला टेकली कीं नाहीं याचा साक्षीदार आतां एकटा राजा राहिला नाहीं. मैदान राजानें बांधलें, पैसा राजानें ओतला, परंतु निकाल मात्र लोकांच्या डोळ्यांत गेला. राजाला हें कळत नव्हतें असें मानण्याचें कारण नाहीं. हौद्यांत मराठा, मुसलमान, मागासलेल्या जातींचा असा भेद न राखणाऱ्या त्या पुरुषाच्या एकंदर धोरणाशीं तें जुळणारेंच होतें.

या मैदानांतील पहिली मोठी कुस्ती इमामबक्ष आणि गुलाम मोहिउद्दीन यांची, आणि तींत इमामबक्ष विजयी झाला. हा इमामबक्ष म्हणजे सुप्रसिद्ध गामा पहिलवानाचा धाकटा भाऊ. दोघेही बंधु दोनच वर्षांपूर्वीं, १९१० सालीं, लंडनची वारी करून आले होते. त्या वारीची हकीकत येथें थोडक्यांत सांगितली पाहिजे, कारण निकालाच्या प्रश्नावर ती चांगलाच प्रकाश पाडते.

लंडनांत कुस्ती हा तेव्हां तिकिटाचा धंदा झाला होता. सामने जुळविणारा व्यवस्थापक वेगळा, नाट्यगृहाचा मालक वेगळा आणि बक्षिसाची रक्कम ठेवणारें वर्तमानपत्र आणखी वेगळें. इमामबक्षानें जॉन लेम या स्विस मल्लास पाहतां पाहतां पाडलें. गाम्यानें बेंजामिन रोलर या अमेरिकन मल्लास हरविलें, आणि मग त्याची गांठ पोलंडच्या स्टॅनिस्लॉस झिबिस्को याच्याशीं पडली. १० सप्टेंबर १९१० रोजीं झालेली ही कुस्ती अडीच तासांहून अधिक चालली, आणि त्यांतील बहुतेक वेळ झिबिस्को मातीला, म्हणजे तेथल्या गादीला, पालथा चिकटून राहिला. निकाल लागेना. कुस्ती बरोबरीत सोडवावी लागली. पुन्हां गांठ पडावयाची म्हणून आठवड्यानंतरचा दिवस नेमला, तर त्या दिवशीं झिबिस्को फिरकलाच नाहीं आणि गाम्यास विजयी ठरविण्यांत आलें. पुढें १९२८ सालीं पतियाळा येथें दोघे पुन्हां भेटले, तेव्हां गाम्यानें त्यास एक मिनिटही टिकूं दिलें नाहीं. पालथें पडून राहणारा गडी प्रेक्षकांचे पैसे बुडवितो, हें लंडनच्या व्यवस्थापकांना त्या दिवशीं कळून चुकलें असेल. आपल्याकडील व्यवस्थापकांना तें कळावयास आणखी पुष्कळ वर्षें लागावयाचीं होतीं.

शाहू महाराज ६ मे १९२२ रोजीं निवर्तले. त्यांच्यामागें राजाराम महाराजांच्या वेळींही तालमींचा आश्रय कांहीं अंशीं चालू राहिला. परंतु १ मार्च १९४९ रोजीं कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें, आणि मैदानाचा पहिला धनी कायमचा गेला.

धनी गेल्यानें काय फरक पडला, हें एकाच मल्लाच्या चरित्रावरून कळून येतें. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गांवचे खाशाबा जाधव १९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिक सामन्यांस गेले. त्या प्रवासास कोल्हापूरच्या महाराजांचें साहाय्य होतें. माती सोडून गादीवर खेळण्याची त्यांना मुळींच संवय नव्हती, तरी आपल्या गटांत त्यांनीं सहावा क्रमांक मिळविला. चार वर्षांनीं हेलसिंकीस जावयाचें ठरलें तेव्हां संस्थान उरलें नव्हतें. गांवकऱ्यांनीं वर्गणी जमविली, आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनीं आपलें घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. जुलै १९५२ मध्यें खाशाबांनीं बँटमवेट गटांत कांस्यपदक जिंकलें. स्वतंत्र हिंदुस्थानास वैयक्तिक खेळांत मिळालेलें हें पहिलें ऑलिंपिक पदक. ते परतले तेव्हां शंभरावर बैलगाड्या त्यांच्या मिरवणुकीस लोटल्या होत्या. आणि सत्कार आटोपल्यावर खाशाबांनीं कुस्त्यांचें मैदान भरवून त्याच्या उत्पन्नांतून प्राचार्यांचें घर सोडवून दिलें, असें सांगतात. जगांत तिसऱ्या क्रमांकाच्या मल्लानें कर्ज फेडण्याकरितां हौद्यांत उतरावें, यांत थोरवी खाशाबांची आहे. व्यवस्थेची थोरवी त्यांत शोधूं गेल्यास हातीं कांहीं लागणार नाहीं. १९५५ सालीं त्यांना पोलिसखात्यांत सब-इन्स्पेक्टरची जागा मिळाली, आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो १९८४ सालीं त्यांचें निधन झाल्यावर कित्येक वर्षांनीं.

खाशाबांच्या पाठीशीं जी वर्गणी उभी राहिली ती कांहीं आकाशांतून पडली नव्हती. राजवाड्याच्या बाहेर कुस्तीचा दुसरा एक धनी फार पूर्वींपासून होता, तो म्हणजे गांव. ग्रामदैवताच्या जत्रेच्या दुसऱ्या दिवशीं फड भरावयाचा, ही चाल देशावर घरोघर ठाऊक आहे. घराप्रति वर्गणी निघते. आजूबाजूच्या तालमींना सांगावा जातो. दुपार कलली कीं हलगी कडाडूं लागते, आणि प्रथम अगदीं चिमुकलीं पोरें रेवड्यांवर किंवा नारळावर झोंबतात. मग रुपयांच्या कुस्त्या सुरू होतात व इनाम चढत जातें. दिवे लागणीच्या सुमारास शेवटची मोठी जोड हौद्यांत येते, तेव्हां फेटेवाल्या पंचांनाही गर्दी आवरत नाहीं. एखाद्या पोरानें कलाजंग किंवा ढाक असा सफाईनें लावला कीं प्रेक्षकांतला कोणी हौशी शेतकरी जागच्या जागीं खिशांत हात घालून त्यास इनाम पुकारतो. ज्या गांवाचा फड चांगला, त्या गांवाचें नांव दहा कोसांत.

या पद्धतींत खुराकाचा भार विभागला गेला. घरची म्हैस, मामाकडचे बदाम, वस्तादाची उधारी आणि फडांतील इनाम, असें मिळून पहिलवानाचें वर्ष निघे. निकालही लोकांसमक्ष लागे. परंतु या पद्धतीचे दोषही झांकून ठेवतां येत नाहींत. जोड लावणें हें पंचांच्या मर्जीवर असल्यानें आपल्या गांवच्या गड्यास सोपा जोडीदार द्यावयाचा मोह होई. दोन्ही पहिलवानांनीं आधीं ठरवून इनाम वांटून घेण्याचा प्रकारही चाले, त्याला ‘नुरा कुस्ती’ म्हणतात. प्रेक्षकांना ती ओळखूं येते, मग शिट्ट्या आणि ढेंकळें यांचा वर्षाव होतो. आणि मुख्य उणीव ही कीं सांगलीच्या फडांतील विजयी मल्ल मोठा कीं धुळ्याच्या फडांतील मोठा, हें सांगणारें कोणीच नव्हतें.

ही उणीव भरून काढण्यासाठीं पुण्याचे मामासाहेब मोहोळ यांच्या पुढाकारानें १९५३ सालीं कुस्तीगीर परिषद उभी राहिली. हाच मैदानाचा तिसरा धनी. परिषदेनें वजनगट लावले, जिल्ह्याजिल्ह्यांतून निवड करून मल्ल आणविण्याची रीत घातली, आणि १९६१ पासून ‘महाराष्ट्र केसरी’ हा किताब सुरू केला. त्या आधीं १ मे १९६० रोजीं महाराष्ट्र राज्य अस्तित्वांत आलें होतें. पहिला किताब औरंगाबादेस झाला व दिनकर दह्यारी यांनीं तो जिंकला. दुसरा १९६२ सालीं धुळ्यास झाला, तेथें भगवान मोरे विजयी झाले. १९६४ सालीं सामने अमरावतीस गेले, तेथें गणपत खेडकर विजयी झाले. पुढें १९६७ सालीं खामगांव आणि १९७५ सालीं चंद्रपूर.

हा क्रम नकाशावर मांडून पाहावा. औरंगाबाद कालपर्यंत निजामाच्या राज्यांत होतें, अमरावती-खामगांव वऱ्हाडांत, आणि चंद्रपूर जुन्या मध्यप्रांतांत. निरनिराळ्या राजवटींतून आलेले हे तुकडे नुकतेच एका राज्यांत जोडले गेले होते, आणि एकमेकांविषयींचे त्यांचे संशय मावळले नव्हते. कायदेमंडळाची बैठक वर्षांतून एकदां नागपुरास भरते, त्याच न्यायानें कुस्तीचें सिंहासन दरवर्षीं हलूं लागलें. परिषदेचा हेतु राजकीय होता असें म्हणतां येणार नाहीं. यजमान मिळेल तेथें जावयाचें, इतकाच व्यवहार. पण परिणाम असा झाला कीं खामगांवच्या प्रेक्षकाला बेळगांवकडचा चंबा मुतनाळ, आणि चंद्रपूरच्या प्रेक्षकाला रघुनाथ पवार हे आपलेच गडी वाटूं लागले. खासबाग एकाच जागीं राहिली आणि मोठी झाली. हें नवें मैदान फिरत राहिलें म्हणून मोठें झालें.

या काळांत मराठी मल्लांनीं महाराष्ट्राबाहेरही नांव काढलें. १९५९ सालीं श्रीपति खंचनाळे ‘हिंद केसरी’ झाले. १९६२ सालीं जकार्ता येथील एशियाई सामन्यांतून गणपत आंदळकर आणि मारुति माने हे सुवर्णपदकें घेऊन आले. १९७० सालीं एडिंबरोच्या राष्ट्रकुल सामन्यांत हरिश्चंद्र बिराजदार यांनीं सुवर्णपदक मिळविलें. आदल्याच वर्षीं लातुरास त्यांनीं ‘महाराष्ट्र केसरी’ जिंकला होता. खासबागही ओस पडली नव्हती. दिल्लीचा सत्पाल आणि कोल्हापूरचे युवराज पाटील यांच्या लढतीच्या आठवणी जुन्या लोकांच्या तोंडून अजून ऐकावयास मिळतात.

नागपुराकडे वळतांना एक गोष्ट सांगून टाकली पाहिजे. विदर्भांत व्यायामाची परंपरा उणी नव्हती. अमरावतीस १९१४ सालीं वैद्य बंधूंनीं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन केलें, आणि त्या मंडळाच्या पथकानें १९३६ सालीं बर्लिन ऑलिंपिकच्या वेळीं देशी व्यायामप्रकार करून दाखविले. परंतु ही परंपरा शिक्षणाची, कवायतीची आणि लाठी-मल्लखांबाची होती. इनामी फडाची बाजारपेठ येथें देशाइतकी दाट नव्हती, आणि फड दाट नसेल तेथें बारा महिने कुस्तीवर पोट भरणारा पहिलवान तयार होत नाहीं. जो उसाचा पैसा सांगली-कोल्हापूरच्या तालमींत बदाम आणि तूप होऊन उतरला, तो वऱ्हाडांत कोठून यावा? कापसाचा शेतकरी पावसाच्या भरंवशावर. त्यामुळें किताबाचें मैदान नागपुरास १९८१, १९८७ आणि १९९८ या वर्षीं आलें, बाप्पू लोखंडे, तानाजी बनकर आणि गोरखनाथ सरक यांनीं येथें अनुक्रमें किताब जिंकला, नागपूरकरांनीं मनापासून टाळ्या वाजविल्या, पण गदा उचलणारे बहुधा बाहेरून येत. तरीही बीज अगदींच वायां गेलें नाहीं. विदर्भापुरता ‘विदर्भ केसरी’ हा किताब चालू झाला. तो अनेकदां जिंकलेले वर्धा जिल्ह्यांतील देवळीचे रामदास तडस पुढें २०१४ पासून २०२४ पर्यंत वर्ध्याचे खासदार होते, आणि राज्याच्या कुस्ती-संघटनेंतही त्यांचें वजन होतें. १९९७ सालीं त्यांच्या देवळी गांवींच महाराष्ट्र केसरीचे सामने झाले. तालुक्याच्या गांवीं राज्याचें मैदान भरावें, हें शाहू महाराजांच्या काळीं कोणाच्या स्वप्नांतही आलें नसतें.

आतां निकालाचा प्रश्न. ऑलिंपिकांत जावयाचें तर गादीवर खेळावें लागतें, आणि गांवाला आवडते ती मातीवरची कुस्ती. परिषदेनें दोन्ही राखण्याची युक्ति काढली: माती विभाग वेगळा, गादी विभाग वेगळा, आणि दोन्हींकडील विजयी मल्लांची शेवटीं किताबासाठीं गांठ. युक्ति चांगली, परंतु तिनें निकालाचें स्वरूप पालटलें. मातींत एकच प्रश्न असे, पाठ लागली कीं नाहीं. वेळेचें बंधन सैल, आणि निकाल न लागल्यास कुस्ती सोडवीत. १९७७ सालीं चाळीसगांवास असा प्रसंग आला कीं किताब कोणालाच देतां आला नाहीं. पुढें घड्याळ आलें, गुण आले. पट काढला याला इतके, रेषेबाहेर ढकललें याला इतके. अमुक वेळांत निकाल लागणार याची खात्री झाली. त्याबरोबर तो निकाल सांगण्याचा अधिकार उतारावरच्या हजारों डोळ्यांतून निघून पंचांच्या कागदावर गेला. शेवटच्या रांगेंतील माणसाला पाठ दिसते, गुण दिसत नाहींत. पंचावर विश्वास आहे तोंवर यानें कांहीं बिघडत नाहीं.

पैसाही वाढला. मामासाहेब मोहोळांच्या स्मरणार्थ विजयी मल्लास चांदीची गदा देण्यांत येऊं लागली. सरकारनेंही मल्लांची दखल घेतली. २०११ पासून लागोपाठ तीन वर्षें किताब जिंकणारे नरसिंग यादव आणि त्यांच्यामागून तोच पराक्रम करणारे विजय चौधरी, या दोघांनाही पोलिसखात्यांत उपअधीक्षकाची जागा मिळाली. खाशाबांच्या सब-इन्स्पेक्टरपदापासून येथवरची ही चढण लक्षांत घेतां, शेतकऱ्यांचीं पोरें आज तालमींत कां राबतात हें कोणास समजावून सांगावयाची गरज नाहीं. मार्च २०२३ मध्यें सांगलीस स्त्रियांसाठीं पहिला महाराष्ट्र केसरी किताब लढला गेला आणि प्रतीक्षा बागडी हिनें तो जिंकला. ज्या हौद्याजवळ बायकांनीं जाऊं नये असा एके काळीं दंडक होता, त्या खेळाच्या इतिहासांतील ही लहान गोष्ट नव्हे.

आणि नेमक्या या भरभराटीच्या वेळींच धनीपणाचा तंटा उपस्थित झाला. २०२२ सालीं अखिल भारतीय महासंघानें जुनी राज्य परिषद बरखास्त केली, आणि महाराष्ट्रांत दोन संघटना एकमेकींसमोर उभ्या राहिल्या. दोघींचाही दावा एकच कीं किताब देण्याचा अधिकार आमचा. २०२३ च्या नोव्हेंबर महिन्यांत एक महाराष्ट्र केसरी पुण्याजवळ फुलगांवीं झाला, दुसरा धाराशिवला. फुलगांवीं सिकंदर शेख जिंकले, धाराशिवला शिवराज राक्षे. एकाच महिन्यांत राज्याला दोन केसरी मिळाले. कोणाचा खरा, असें एखाद्या पोरानें वस्तादास विचारलें तर वस्तादानें काय सांगावें?

२०२५ सालींही तोच प्रकार घडला. फेब्रुवारीच्या आरंभीं अहिल्यानगर येथें पृथ्वीराज मोहोळ यांनीं गदा घेतली, आणि मार्चमध्यें त्याच जिल्ह्यांतील कर्जत गांवीं दुसऱ्या संघटनेच्या मैदानांत वेताळ शेळके यांनीं. अहिल्यानगरच्या सामन्यांत पाठ टेकली कीं नाहीं यावरूनच वाद पेटला, एका मल्लाचा पाय पंचावर पडला, आणि दोन नामवंत पहिलवानांवर तीन वर्षांची बंदी आली. मल्लाचें वर्तन सर्वथा निंद्य होतें. परंतु ज्या उमेदीच्या तीन वर्षांत पहिलवान आपलें सारें आयुष्य कमावतो, तीं त्याचीं गेलीं, आणि त्या काळांतला त्याचा खुराक ना संघटना देणार, ना सरकार. तो पुन्हां घरच्या म्हशीवर, वस्तादाच्या उधारीवर आणि गांवच्या फडावर येऊन पडतो. जत्रेंतील पंच त्याला बंदीचा कागद दाखवीत नाहींत. हलगी वाजते, जोड लागते, आणि पाठ टेकली कीं साऱ्या गांवाला दिसते.